वैशाख पौर्णिमेची दानशाळा

आपल्या शाळेच्या प्रांगणात ज्या पंचरंगी ध्वजाखाली रांगेत उभे राहून आपण रोज सकाळी त्रिसरण आणि पंचशील म्हटले, तो ध्वज मूळचा कोलंबो शहरातला आहे. इंग्रजी अमदानीत सिंहली बौद्धांनी बराच काळ मागणी केल्यानंतर 1885 साली वैशाख पौर्णिमेला सार्वजनिक सुटी मिळाली आणि त्याच दिवशी, म्हणजे 28 एप्रिल 1885 रोजी, कोलंबोच्या कोटहेना भागातील विहारात मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर यांच्या हस्ते हा ध्वज प्रथम फडकला. पुढच्याच वर्षी त्याच शहरातल्या पेट्टा भागात बौद्ध मुलांसाठी एक लहानशी शाळा सुरू झाली. आज ती ‘आनंद कॉलेज’ या नावाने प्रसिद्ध आहे. ध्वजापाठोपाठ शाळा, हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आपल्याकडेही बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1956 साली धम्मदीक्षा दिली. इथे शाळा आधी आली आणि ध्वज नंतर, पण दोघांचे नाते तेच.

स्मरणिका समितीने वसतिगृहाच्या आठवणी लिहून पाठवण्यास सांगितले, तेव्हा माझ्या मनात वसतिगृहाऐवजी कोलंबोमधला एक दिवस उभा राहिला. त्या दिवशी आम्ही चौघी एकत्र होतो. दहावीची परीक्षा देऊन शाळेतून बाहेर पडल्याला पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर प्रथमच आम्ही मिळून परदेशी सहलीस निघालो होतो. एक महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका, एक पनवेलला शिक्षिका, एक बँकेत आणि मी नेरूळला संसार आणि शिकवणी सांभाळणारी. मुले मोठी झाली, गृहकर्जाचे हप्ते आटोक्यात आले, आणि वर्षभर भिशीत साठवलेल्या पैशांतून चार दिवसांचा बेत ठरला. 20 मे 2024 रोजी बेलापूर भागात लोकसभेचे मतदान होते. बोटावरची शाई ओली असतानाच आम्ही सामान भरले आणि दुसऱ्या दिवशी विमानाने निघालो. मुंबईहून कोलंबोला पोहोचायला जेमतेम अडीच तास लागतात. गावी जाताना यापेक्षा किती तरी जास्त वेळ आम्ही एसटीत बसून काढला आहे. 23 मे रोजी वैशाख पौर्णिमा होती. तो दिवस कोलंबोतच घालवायचा, एवढे मात्र घरून निघतानाच नक्की केले होते.

सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरगुती विश्रामगृहात न्याहारी मांडली होती. पदार्थ पाहून शिक्षिका मैत्रीण म्हणाली, “अगं, हे तर आपल्या कोकणातलंच ताट आहे!” आणि ते खरेच होते. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे, कडेला कुरकुरीत आणि मध्ये लुसलुशीत असे ‘आप्प’ म्हणजे आपल्या आंबोळीची खोलगट बहीण. ‘इंदिआप्प’ म्हणजे मालवणकडच्या शिरवाळ्या. ओल्या खोबऱ्याची लाल मिरची घालून वाटलेली ‘पोल सांबोल’ ही चटणी भाकरीबरोबरही सहज खपेल. सणाचा दिवस म्हणून ‘किरिबत’ही होता. नारळाच्या दुधात शिजवलेला भात थापून त्याच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडलेल्या. सिंहली भाषेत दुधाला ‘किरि’ आणि शिजलेल्या तांदळाला ‘बत’ म्हणतात. संस्कृतातील ‘क्षीर’ आणि ‘भक्त’ हे शब्द तिकडे ‘किरि’ आणि ‘बत’ झाले, आपल्याकडे ‘खीर’ आणि ‘भात’ झाले. वैशाख पौर्णिमेला आपण सुजातेची खीर करतो, तिथे किरिबत करतात. दोन्ही घरांत एकाच आठवणीचे भांडे चुलीवर चढलेले असते.

भाषेची ही ओळख दिवसभर पावलोपावली होत राहिली. पावाला ते ‘पान’ म्हणतात. पोर्तुगीजांनी त्यांना आणि आपल्याला एकच शब्द दिला, आपण त्याचा पाव केला. अननस तिथे ‘अन्नासि’ आहे, साबण ‘सबन्’ आहे. मोठ्या बहिणीला ‘अक्का’ म्हणतात, त्यामुळे रिक्षावाल्यापासून फुलवाल्यापर्यंत सगळे आम्हाला हाक मारू लागले तेव्हा परक्या मुलखात आल्याचे भानच राहिले नाही. महावंस या सिंहली इतिहासग्रंथात तर असे लिहिले आहे की, राजपुत्र विजय लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारक बंदरात उतरला होता. सुप्पारक म्हणजे आपले नालासोपारा. ते ठिकाण लोकलच्या विरार गाडीने गाठता येते आणि तिथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला बौद्ध स्तूप आजही आहे. आम्हा चौघींपैकी एकीनेही तो पाहिलेला नव्हता. परतल्यावर पहिल्या रविवारी तिथे जायचे, हे किरिबत खातानाच ठरले.

न्याहारीनंतर आम्ही केळणिय येथील राजमहाविहारात गेलो. कोलंबोपासून अवघ्या दहा-बारा किलोमीटरवर, केळणी नदीच्या काठी हे विहार आहे. तिथल्या परंपरेनुसार तथागतांनी या जागेला भेट दिली होती. त्या सकाळी सारा परिसर शुभ्र वस्त्रांनी भरून गेला होता. म्हातारी माणसे, तरुण मुली, शाळेतली पोरे, सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्यांतल्या अनेकांनी त्या दिवसापुरते ‘अट सिल्’ म्हणजे आपले अष्टशील घेतले होते आणि ते झाडाखाली चटया टाकून शांतपणे बसले होते. कमळे आणि कुमुदिनी हातात घेऊन माणसे बोधिवृक्षाभोवती फिरत होती. आम्हीही पांढऱ्या साड्या नेसून गेलो होतो. वसतिगृहात 6 डिसेंबरला आणि बुद्धपौर्णिमेला पांढरे कपडे धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करण्याची आमची धांदल त्या गर्दीत चौघींनाही एकदमच आठवली.

विहाराच्या आतील भिंतींवर सोलियस मेंडिस या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेली मोठमोठी चित्रे आहेत. त्यांतल्या एका चित्रापुढे आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेच्या किनाऱ्यावर उतरते आहे, असा तो प्रसंग आहे. ती फांदी अनुराधपूरला लावली गेली आणि तो वृक्ष आजही उभा आहे. आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही त्याच अनुराधपूरच्या झाडाचा वंशज. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याच्या फांद्या इकडे आणल्या. एका स्त्रीने समुद्रापार नेलेले झाड दोन हजारांहून अधिक वर्षांनी आपल्या दारी परत आले. परिचारिका मैत्रीण त्या चित्राकडे पाहत हळूच म्हणाली, “आपल्या शाळेतल्या धड्यात अशोकाचा मुलगा महेंद्र होता. मुलीची एकच ओळ होती.” तिचे म्हणणे खरे होते. त्या एका ओळीपुढे भिंतभर चित्र आम्ही त्या दिवशी पाहिले.

परत येताना दुपारचे बारा वाजले होते आणि रस्त्याचे रूप पालटले होते. घरांच्या दारांत बांबूच्या काड्या आणि पातळ रंगीत कागद लावून केलेले ‘वेसक कूडु’ म्हणजे आकाशकंदील टांगलेले होते. चौकाचौकांत ‘तोरण’ उभारलेले होते. आपल्याकडे तोरण म्हणजे दारावरची आंब्याची पाने, तिथे तोरण म्हणजे कित्येक मजले उंच चौकट. तिच्यावर जातककथांची चित्रे असतात आणि रात्री हजारो दिव्यांची नक्षी उजळते. मद्याची आणि मांसाची दुकाने कायद्याने बंद होती. आणि थोड्या थोड्या अंतरावर तरुण पोरे रस्त्याच्या मधोमध येऊन, हातातले पंचरंगी ध्वज हलवून, येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थांबवत होती. आमची रिक्षाही थांबली. चालक हसून म्हणाला, “दन्सल!”

दन्सल म्हणजे दानशाळा. वैशाख पौर्णिमेला गल्लीतली मंडळे, कार्यालये, बाजारातले हमाल, कुटुंबे, कोणीही वर्गणी काढून रस्त्याच्या कडेला मांडव घालतात आणि येईल त्याला खाऊ घालतात. कुठे भात, कुठे उकडलेले हरभरे, कुठे उकडलेला साबुकंद आणि खोबरे, कुठे आइस्क्रीम, कुठे नुसते सरबत. त्यासाठी सरकारी आरोग्य निरीक्षकांकडे नोंदणी करावी लागते आणि ते पाणी, भांडी, वाढणाऱ्यांचे हात तपासून जातात. आमच्या परिचारिका मैत्रिणीला हा भाग सर्वांत आवडला. जिथे आम्ही थांबलो तिथे भाताची दानशाळा होती आणि रांग शंभरेक माणसांची असावी.

आम्ही तिघी रांगेत लागलो. चौथी, बँकेतली मैत्रीण, रिक्षातून उतरली नाही. आधी वाटले ऊन लागले असेल. मी परत गेले तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही जेवा. मला नाही जमायचं. रस्त्यावर हात पसरून जेवायचं असतं तर आईनं मला वसतिगृहात कशाला ठेवलं असतं?”

तिची पार्श्वभूमी आम्हाला ठाऊक होती. तिचे आजोबा मराठवाड्यातल्या एका गावचे येसकर. गावाची रखवाली करायची, सांगावे पोहोचवायचे आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन हाक देत भाकरी गोळा करायच्या. भाकरी वरून टाकली जाई. ज्या दिवशी सण, त्या दिवशी उष्टे अधिक. तिच्या आईने लहानपणी ती टोपली डोक्यावर वाहिली होती. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे मागून खाणे सोडा, असे आपल्या माणसांना कळवळून सांगितले. त्यानंतर कित्येक घरांनी उपाशी राहून ते व्रत पाळले. तिच्या घरात मात्र ते पोहोचायला आणखी एक पिढी जावी लागली. त्या आईने शपथ घातली होती की, फुकटचा घास घ्यायचा नाही. लग्नाच्या पंगतीतही ती आहेर दिल्याशिवाय जेवायला बसत नाही. अशा बाईला “चल गं, एवढं काय त्यात” असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. मी तिच्याजवळच बसून राहिले.

आमच्याकडे कोणाचे तरी लक्ष गेले असावे. मांडवातून एक वयस्कर गृहस्थ आले. पांढरा सारोंग, पांढरा सदरा. ते निवृत्त शिक्षक होते आणि इंग्रजी चांगले बोलत होते. आम्ही भारतातून, त्यातही आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलो आहोत, हे कळताच त्यांनी हात जोडले. मैत्रिणीने त्यांना स्पष्टच सांगितले की, आम्ही दान घेत नाही, आमच्या लोकांनी फार घेतले आहे. त्या गृहस्थांना याचा राग आला नाही. ते म्हणाले, “हे दान तुम्ही घेत नाही, तुम्ही ते आम्हाला देऊ देता. आज इथे तुम्ही जेवला नाहीत, तर आमचे पुण्य कुठून व्हायचे? म्हणून तर ही मुले उन्हात उभी राहून गाड्या अडवताहेत. भिकाऱ्याला कोणी गाडी अडवून बोलावते का?” मग त्यांनी रांगेकडे बोट दाखवले. मोटारीतून उतरलेले एक सुखवस्तू कुटुंब होते, मागे एक झाडूवाली होती, तिच्यामागे दोन पोलीस. “दोन वर्षांपूर्वी आमच्या देशाचे दिवाळे निघाले होते. पेट्रोलसाठी आम्ही दिवसच्या दिवस रांगेत उभे होतो. त्या वर्षीही आम्ही नुसत्या चहाची का होईना, दन्सल घातली होती.”

मैत्रिणीने त्यांना थेट विचारले, “पण तुमच्याकडेही जात आहे ना?”

त्यांनी तो प्रश्न टाळला नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. त्यांनी मान्य केले की, आहे. अठराव्या शतकात सयामहून उपसंपदा पुन्हा आणली गेली, तेव्हा कँडीत स्थापन झालेल्या सियाम निकायाने काही वर्षांतच भिक्षुसंघाची दारे गोयिगम या वरच्या मानलेल्या जातीपुरती ठेवली. तेव्हा किनारपट्टीवरच्या इतर जातींतले लोक समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथल्या अमरपूर नगरात उपसंपदा घेऊन 1803 साली परतले आणि त्यांनी आपला स्वतंत्र अमरपूर निकाय उभारला. “आमच्या घराण्याचा निकाय तोच,” ते म्हणाले. “धम्मात जात नाही, पण माणसे ती बरोबर घेऊन येतात. दर पिढीला ती बाहेर काढावी लागते.”

हे ऐकून मला बाबासाहेबांची 1950 सालची लंकाभेट आठवली. त्या वर्षी मे महिन्यात जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची पहिली परिषद लंकेत भरली आणि बाबासाहेब तिला उपस्थित राहिले. कोलंबोतल्या तरुण बौद्धांच्या संस्थेत भारतातील बौद्ध धम्माचा उदय आणि ऱ्हास या विषयावर त्यांनी भाषणही केले. धम्मदीक्षेला अजून सहा वर्षे होती. धम्म पुस्तकात कसा आहे हे त्यांना पूर्ण ठाऊक होते, पण जिथे तो अखंड दोन हजार वर्षे नांदला तिथे माणसे प्रत्यक्षात कशी जगतात, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. पुढे 1954 साली रंगूनला आणि 1956 साली काठमांडूला ते गेले, त्यामागेही हीच दृष्टी असावी, असे मला वाटते. श्रद्धा ठेवायची, पण डोळे उघडे ठेवून, ही त्यांची शिकवण. त्या निवृत्त शिक्षकांनी आमच्यापुढे आपल्या समाजाचा चांगला भाग ठेवला आणि दोषही ठेवला. त्यामुळे त्यांच्या पंगतीवरचा माझा विश्वास वाढलाच.

मैत्रीण काही वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “मी वाढायला उभी राहिले तर चालेल?” त्यांनी आनंदाने तिला मांडवात नेले, साबणाने हात धुवायला लावले, डोक्याला टोपी दिली. पुढचा तासभर बँकेतली आमची ती मैत्रीण मोठ्या पातेल्यातून भात वाढत होती. शेजारचा मुलगा मसुरीचे वरण घालत होता, त्यापलीकडे ‘पोलोस’ म्हणजे कोवळ्या फणसाची मसालेदार भाजी होती. प्रत्येक जण ताट पुढे करताना किंचित मान झुकवत होता आणि वाढणाराही. मी तिच्यापुढे ताट धरले तेव्हा तिने डोळे मोठे करून दटावले, “नीट धर, सांडशील.” वसतिगृहात वाढपाची पाळी असताना ती असेच दटावायची. सगळी रांग संपल्यावर वाढणारे एकत्र जेवायला बसले, आणि त्यांच्यात ती बसली. तिने पोटभर भात खाल्ला. वर मागूनही घेतला. जेवण झाल्यावर सर्वांनी मिळून “साधु, साधु, साधु” म्हटले.

दुपारी मोठी सर आली आणि तासाभराने ओसरली. संध्याकाळी आम्ही गॉल फेसच्या समुद्रकिनारी चालत गेलो. 2022 साली याच हिरवळीवर हजारो तरुणांनी महिनोन्‌महिने तळ देऊन सरकार बदलायला लावले होते. त्या दिवशी तिथे लहान मुले पतंग उडवत होती. तिथून बेइरा तलावाकाठच्या गंगारामय विहारात गेलो. तलावातल्या पाण्यावर तरंगते कंदील, भोवती भक्तिगीते म्हणणारी पांढऱ्या वेशातली मुले, आणि पाण्यात उभे असलेले सीमा मालक हे ध्यानगृह. जेफ्री बावा या थोर वास्तुरचनाकाराने 1970च्या दशकात त्याची रचना केली. त्याचा खर्च एका मुस्लिम व्यापारी दांपत्याने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ केला होता. त्या पायऱ्यांवर बसून आम्ही मातीच्या गाडग्यातले म्हशीचे दही आणि त्यावर ओतलेली कितुळची काकवी खाल्ली. कितुळ म्हणजे आपल्या सह्याद्रीतला भेरली माड. रात्री दहाच्या सुमारास एका दानशाळेत हरभरे मिळाले. या वेळी सर्वांत आधी रांगेत उभी राहिली ती बँकेतली मैत्रीण.

आपल्या समाजात दान या शब्दाकडे आपण दोन टोकांनी पाहतो. एकीकडे दान-पारमितेवरची प्रवचने आपण ऐकतो, दुसरीकडे घेण्याच्या कल्पनेनेच आपल्या अंगावर काटा येतो. तो काटा खोटा नाही. तो आपल्या आजी-आजोबांनी सोसलेल्या अपमानातून आला आहे आणि त्यानेच आपल्याला ताठ उभे केले आहे. पण भीक आणि दान यांतला फरक वस्तूत नसतो. कोण कोणाला बोलावतो, कोण कोणापुढे वाकतो आणि वाढणारा शेवटी त्याच पंगतीत बसतो की नाही, यावर तो ठरतो. आपल्या वसतिगृहाच्या जेवणघरात आपण हेच शिकलो. तिथे भात वाढणाऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलत असे, आणि वॉर्डनबाईही आपल्याच रांगेत पाटावर बसून जेवत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे एक सूचना ठेवते. पुढच्या वैशाख पौर्णिमेला आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, आपणही एक दानशाळा घालावी. नुसता वरण-भात आणि खीर असली तरी पुरे. रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, पलीकडच्या इमारतींत राहणारे रहिवासी, शीव-पनवेल महामार्गाकडे निघालेले वाहनचालक, सर्वांना ध्वज दाखवून थांबवावे आणि आग्रहाने जेवू घालावे. महापालिकेची परवानगी आणि स्वच्छतेची व्यवस्था परिचारिका मैत्रीण पाहणार आहे. हिशेब बँकेतली मैत्रीण ठेवणार आहे, आणि वाढायलाही तिने आपले नाव सर्वांत आधी लिहून दिले आहे. ज्यांना सहभागी व्हायचे असेल त्यांनी माजी विद्यार्थी मेळाव्यात आमच्यापैकी कोणालाही भेटावे. मोठी पातेली लागतील, आणि सकाळी सहाला येऊन तांदूळ निवडणारे हातही लागतील.

सर्वांना सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.